चोराची बॅटरी

माझ्या आयुष्यातलं पहिलं मोठं शून्य मला रेल्वेमुळे मिळालं. तेही अशा गावात, जिथे रेल्वे येतच नाही. एरंडोलला ती लांबूनच वळसा घालून जाते. पण नववीच्या सहामाहीत 'इंग्रजी राजवटीचे भारतावर झालेले परिणाम लिहा' असा प्रश्न आला आणि मी मोठ्या टेचात पहिलंच वाक्य लिहिलं, 'इंग्रजांनी भारतात रेल्वे आणली.' तिच्यामागे तार, पोस्ट, पूल, कालवे असे डबेही ओळीनं जोडले. पाच मार्कांचा प्रश्न, दीड पान उत्तर, अक्षर मोत्यासारखं. पेपर हातात आला तेव्हा दीड पानावर एक तांबडा भोपळा आणि समासात दोन शब्द होते: 'चोराची बॅटरी.'

मी इतिहासाच्या सरांना विचारायला गेलो. शून्य गपगुमान खिशात घालून घरी जावं, हे मला कधीच जमलं नाही. सरांनी मला वर्गासमोर उभं केलं.

"तुझ्या घरात चोर शिरला. भांडी नेली, आईच्या पाटल्या नेल्या, बापाचं धोतरसुद्धा सोडलं नाही. आणि पळताना त्याची बॅटरी तुमच्या ओट्यावर राहिली. सकाळी उठून तू काय करशील? बॅटरीला हार घालशील? 'धन्य ते चोरमहाराज, आमच्या घरी उजेड आणला' म्हणशील?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "सर, सेल चांगले असले तर ठेवून घेईन."

उरलेला तास मी बाकावर उभा होतो. तिथून सरांची टोपी फार छान दिसायची, म्हणून टोपीपासूनच सुरुवात करतो.

पांढरी, कडक इस्त्रीची, पुढचं टोक नांगराच्या फाळासारखं. शाळेतले निम्मे मास्तर तेव्हा टोपी घालत, पण सरांची टोपी कामाची होती. दर वर्षी साम्राज्यवादाचा धडा आला की सर दोन्ही बाजू स्वतःच मांडत. टोपी डोक्यावर असली की साम्राज्याच्या बाजूनं, काढून टेबलावर ठेवली की विरुद्ध. 'राजा कुणापुढे टोपी काढत नसतो,' हे त्यामागचं शास्त्र. टोपी घालून सर असं काही बोलत की आम्हा पोरांना वाटे, आजच घोडं काढावं आणि निदान धरणगाव तरी जिंकून यावं. "वाढत्या राष्ट्राला जागा लागते! मालाला बाजार लागतो! मागासलेल्यांना शहाणं करणं हे पुढारलेल्यांचं कर्तव्यच आहे!" मग टोपी टेबलावर. आवाज एकदम खाली. "आता मला सांगा, धरणगावच्या माणसाला कुणी विचारलं होतं का?"

एकदा टोपी डोक्यावर असताना नेमके शाळातपासणीचे साहेब दारात आले. सर टिपेला पोचले होते. "दुबळ्यांना गिळणं हा सबळांचा धर्म आहे!" साहेबांची भुवई वर गेली, खिशातून वही निघाली. सर म्हणाले, "साहेब, इतक्यात शेरा लिहू नका. दोन मिनिटं थांबा, टोपी काढतोच आहे." साहेब इतके गोंधळले की त्यांनीच आपली टोपी काढली.

पुढे मी धुळ्याला बी.एड. केलं आणि त्याच शाळेत इतिहासाचा मास्तर म्हणून परत आलो. हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये मला खुर्ची दिली ती नेमकी सरांच्या समोर. टेबल एक, माणसं दोन, आणि मधोमध खडूची रेघ. सर ती रोज सकाळी नव्यानं ओढत. खडू ते चष्म्याच्या डबीत ठेवायचे. चष्मा कुठे ठेवत ते अखेरपर्यंत कळलं नाही. माझी वही दोन बोटं पलीकडे गेली की पेन्सिलीच्या टोकानं ती मागे सारत. "तुझं सैन्य आत आलंय." पण माणूस प्रामाणिक. स्वतःचं कोपर रेघेपलीकडे आलं तरी दचकून मागे घ्यायचे आणि "माफ करा" म्हणायचे. कुणाला ते कळत नसे. बहुधा टेबलाला.

एकदा माझा चहा सांडला आणि रेघ पुसत थेट त्यांच्या हद्दीत शिरला. सरांनी फडकं उचललं नाही. "माघार घे," एवढंच म्हणाले. सांडलेल्या चहाला माघार कशी घ्यायला लावायची, हे बी.एड.ला शिकवलेलं नव्हतं.

एकदा धुळ्याला शाळांची वादविवाद स्पर्धा होती. विषय सरांच्या जिवाभावाचा, 'राष्ट्राने आपल्या सीमा वाढवाव्यात की वाढवू नयेत.' सर परीक्षक आणि मी त्यांची पिशवी धरायला. एसटीत तिघांचं बाक मिळालं. खिडकीशी मी, मध्ये सर, आणि कडेला कापसाचे एक व्यापारी येऊन बसले. शेठजींचा देह असा की त्यांनी दोन तिकिटं काढली असती तरी कंडक्टरनं मान वर केली नसती. गाडी हलली तसे आम्ही दोघं खिडकीच्या गजांत रुतत गेलो.

"शेठ," सर म्हणाले, "या बाकाचे भाग तीन. आपण पावणेदोन घेतलेत. कोणत्या तत्त्वावर?"

शेठजी मनापासून ओशाळले. "सर, मी कुठे पसरतोय? मी असाच आहे."

सरांनी अंग आणखी चोरून घेतलं. पारोळ्याला शेठजी उतरले आणि खालून हात जोडून म्हणाले, "घ्या सर, आता बठ्ठं बाक तुमचं."

"मोठी राष्ट्रं अशीच जागा सोडतात," सर पुटपुटले, "स्वतःचं उतरायचं ठिकाण आल्यावर." पण मुकटी आली तरी ते मोकळ्या बाकावर अंग चोरूनच बसले होते. शेवटी मला म्हणाले, "त्या माणसाचं म्हणणं खोटं नाही रे. तो विस्तार नव्हता, ती वाढ होती. विस्तार आणि वाढ यांत फरक काय, यावर आपल्या पुस्तकात एक ओळ नाही." त्या दिवशी स्पर्धेत बोलणाऱ्या प्रत्येक पोराला त्यांनी हाच प्रश्न विचारला. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

या सगळ्या हद्दी म्हणजे नुसती तालीम होती. सरांची खरी हद्द वावरात होती.

गिरणेच्या अंगाला सरांचं चार एकर वावर होतं, केळीचं. पश्चिमेला आबांचं वावर, मध्ये बांध. आबा म्हणजे सरांच्याच वयाचे शेतकरी, बोलणं कमी, बिडी जास्त. बांधाच्या अलीकडे, सरांच्या बाजूला, एक कडुनिंब होता. नोकरीला लागले त्या दिवशी सरांनी स्वतःच्या हातानं लावलेला. त्याच्याभोवती त्यांनी दगडी ओटा बांधून घेतला होता. पुढच्या उन्हाळ्यात सर रिटायर होणार होते आणि रिटायर झाल्यावर करायच्या गोष्टींची त्यांची यादी एका ओळीची होती.

"ओट्यावर बसणार."

"आणि?"

"बसल्यावर आणि काय करायचं असतं?"

काकू म्हणायच्या, "माठ कुठे, तक्क्या कुठे, पुस्तकं कोणती, सगळं ठरवून ठेवलंय यांनी. मी कुठे बसायचं तेवढंच राहिलंय."

पण सरांना एक घोर होता. बांध सरकत होता. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, घरोघर पुरणाचा घास तोंडात असताना, सर गाठी मारलेली एक दोरी घेऊन वावरात जात आणि झाडाच्या बुंध्यापासून बांधापर्यंत मोजत. एकेकाळी ती दोरी बांधाला पुरत नसे. मग पुरायला लागली. मग उरायला लागली. दर वर्षी एक वीत. नांगरट करताना शेजाऱ्याचा बांध हळूच कोरायचा, ही आपल्याकडची जुनी कला. तिच्यापायी भाऊ भावाशी बोलत नाही. सर आबांशी बोलत, पण फक्त इतिहासातून. "आबा, क्लाइव्हसुद्धा सुरुवातीला थोडंच मागत होता."

"आसं?" आबा म्हणायचे आणि बिडी पेटवायचे.

"माझं झाड बांधापासून आता सात हातांवर आलंय," सर मला स्टाफरूममध्ये सांगायचे. "माझ्या हयातीत तो ओटा गिळणार बघ."

इथे माझी अक्कल उपयोगी पडली. मी म्हणालो, "सर, सरकारी मोजणीच करून टाका ना. एकदाचा सोक्षमोक्ष." सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू नववीचं ते शून्य आता पुसणारच. अर्ज मीच लिहिला. माझ्या हातून जी काही मोठी नुकसानं झाली, ती सगळी सुंदर अक्षरात झाली आहेत.

मोजणीच्या दिवशी सर इस्त्रीचे कपडे घालून आले. मोजणीदारानं तीन पायांचं टेबल मांडलं, नकाशा पसरला, गडी साखळी घेऊन पळायला लागले. सरांनी त्याला जगातल्या नामांकित सीमातंट्यांची थोडक्यात, म्हणजे पाऊण तास, माहिती दिली. आबा बांधावर बसून होते.

मग खुंट्या ठोकायला सुरुवात झाली. पहिली खुंटी बांधावर पडली. सरांनी मान हलवली. दुसरी बांधाच्या जराशी अलीकडे पडली. सरांची मान थांबली. तिसरी आणखी अलीकडे. खुंट्या रांगेनं चालत सरांच्या वावरात शिरल्या, ओट्याला वळसा घालून पुढे आल्या आणि केळीच्या पहिल्या ओळीत जाऊन उभ्या राहिल्या. कडुनिंब आबांच्या हद्दीत वीस फूट आत गेला होता.

"साहेब," सर म्हणाले, "तुमचा नकाशा उलटा तर धरला नाही ना?"

"नाही सर. हे बघा, मुळात इथे बांध वाकडा आहे. तुमच्या अंगाला पोट सुटल्यासारखा."

सर आठवू लागले. "वडील सांगायचे खरं, की त्यांनी वाकडा बांध सरळ करून घेतला."

"घेतला ना," मोजणीदार पेन्सिलीला टोक करत म्हणाला. "करताना तो पलीकडे गेला."

सर आबांकडे वळले. "आबा, मग तुम्ही दर वर्षी वीत वीत कोरत होता ते?"

आबांनी बिडी विझवली. "मी कोरी नही ऱ्हायंतू, सर. मन्हंच वापस ली ऱ्हायंतू. दर साल एक वीत. आखो तीस-चाळीस सालमा बठ्ठं येई जातं, तुम्हले समजतं बी नही."

"अहो, मग आधीच बोलायचं!"

"बाप सांगे, मास्तर शे, गावना पोरेसले शिकाडस, त्याना संगे भांडानं नही." आबा थांबले. "हळूहळू लेवानं."

म्हणजे वीस वर्षं सर ज्याला परकीय आक्रमण म्हणत होते, तो पलीकडच्या बाजूनं स्वातंत्र्यलढा होता. आणि झाड, ओटा, माठाची जागा, रिटायर झाल्यावरची सगळी दुपार परक्या मुलखात गेली होती.

त्या दिवसापासून सरांच्या डोक्यावरची टोपी उतरेना. वर्गात उतरेना, स्टाफरूममध्ये उतरेना. काकू म्हणाल्या, "जेवतानासुद्धा असते." साम्राज्यवादाचा धडा आला, सरांनी फायदे शिकवले, तासाची घंटा झाली, आणि तोटे 'घरून वाचून या' म्हणून सांगितले. तीस वर्षांत असं प्रथमच झालं.

त्याच पावसाळ्यात इराकनं कुवेत गिळला. सर स्टाफरूममध्ये पेपर आपटत म्हणाले, "काय निर्लज्जपणा! म्हणे हा आमचाच प्रांत होता! जुने नकाशे काढून दाखवतात!" आणि त्याच हातानं पिशवीतून एक कागद काढून रेघेवरून माझ्याकडे सरकवला. फेरमोजणीचा अर्ज. मुद्दा पहिला: 'सदर जागा पूर्वापार आमचीच आहे.' सोबत आजोबांच्या वेळचा एक नकाशा.

मी कागदाकडे पाहिलं, पेपरमधल्या बातमीकडे पाहिलं, मग सरांच्या टोपीकडे पाहिलं. आणि पुढचा मुद्दा वाचायला घेतला. समोर बसून पगार घ्यायचा होता.

मुद्दा दुसरा: 'शेजारी सदर जागेची निगा राखण्यास असमर्थ असून जागा पडीक राहील.' मुद्दा तिसरा: 'सदर जागेत मी विहिरीपासून पाइपलाइन आणली, झाड लावले, ओटा बांधला, जमीन सुधारली. याचा लाभ शेजाऱ्यांनाही होतो.'

हे मी कुठेतरी वाचलं होतं. दीड पान होतं.

"सहामाहीचे पेपर तपासून झाले की तुझ्या अक्षरात उतरवून दे," सर म्हणाले. "सोमवारी शाळा सुटल्यावर जाऊन देऊन येऊ."

रविवारी सकाळी मी अर्ज उतरवून काढला. दुपारी घरी वरण-बट्टी होती. ज्यांनी खान्देशातली वरण-बट्टी वरून तूप ओतून खाल्ली आहे त्यांना पुढचं सांगायला नको; ज्यांनी नाही त्यांनी एवढंच समजावं की सहाव्या बट्टीनंतर माणसाचा मेंदू सुट्टीवर जातो आणि हात तेवढे कामावर राहतात. मी नववीचा गठ्ठा ओढला. प्रश्न तोच, आमच्या शाळेचा वंशपरंपरागत: 'इंग्रजी राजवटीचे परिणाम लिहा.' पोरंही तीच. साठांतल्या पन्नासांनी रेल्वे आणलेली. शाळेच्या परंपरेप्रमाणे मी एकेकाला शून्य देत चाललो. तांबडं शून्य, समासात 'चोराची बॅटरी', पुढचा पेपर. शून्य, बॅटरी, पुढचा. डोळे मिटत होते, हात चालू होता. तो अर्ज गठ्ठ्यात कधी मिसळला आणि हाताखाली कधी आला, मला खरंच माहीत नाही. 'पाइपलाइन आणली... जमीन सुधारली... लाभ शेजाऱ्यांनाही.' हातानं ठणकन शून्य दिलं. 'चोराची बॅटरी.' पुढचा.

लोक आजही म्हणतात, मी ते धाडसानं केलं. मलाही तसं म्हणायला आवडलं असतं. पण बट्टीचं श्रेय बट्टीला दिलं पाहिजे.

सोमवारी मी स्टाफरूममध्ये पिशवी उलटीपालटी करत होतो. समोर सर माझा गठ्ठा घेऊन बसले होते. नव्या मास्तरानं तपासलेले काही पेपर जुन्या मास्तरानं हिरव्या शाईनं पुन्हा तपासायचे, असा शाळेचा नियम होता.

"सर, अर्ज घरी राहिला वाटतं. मी पटकन—"

"राहिला नाही," सर म्हणाले. "इथे आहे."

त्यांच्या हातात तो कागद होता. माझं मोत्यासारखं अक्षर आणि त्यावर माझाच तांबडा भोपळा. स्टाफरूममध्ये गणिताच्या मास्तरांनी तोंडातला चहा गिळायचा की नाही हा निर्णय पुढे ढकलला. मी नोकरी गेल्यावर धुळ्याच्या मावसभावाकडे किती दिवस राहता येईल याचा हिशोब करू लागलो.

सरांनी दीड पान वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. तिसऱ्या मुद्द्यावर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि टेबलावर ठेवली, बरोबर खडूच्या रेघेवर. हिरवं पेन उघडलं. माझ्या तांबड्या शून्यापुढे हिरवी खूण केली, 'तपासणी बरोबर' असं लिहून खाली सही केली.

"पण हा निष्काळजीपणा आहे तुझा," ते कागदावरची नजर न काढता म्हणाले.

"सर, चुकून—"

"मुद्दा एक आणि दोन तपासायचे राहिलेत." त्यांनी स्वतःच्या हातानं दोन्हींपुढे दोन हिरवी शून्यं काढली. बेरीज केली. वर कोपऱ्यात एकूण गुण लिहिले. कागद घडी घालून खिशात ठेवला आणि पुढचा पेपर ओढला.

पुढच्या रविवारी मला साक्षीदार म्हणून वावरात नेलं. सरांनी जुना बांध फोडायला दोन माणसं लावली होती, खुंट्यांच्या रांगेवर चुना टाकून घेतला होता, आणि एक भाषणही तयार ठेवलं होतं. आबा विहिरीवरच्या मोटारीजवळ होते. सर चुन्याच्या रेघेअलीकडे ताठ उभे राहिले.

"आबा, या जागेवरची माझी सत्ता मी आजपासून विनाअट मागे घेतो आहे!"

"बरं," आबा ओरडले. "पन लाइट उनी शे, माले पानी भरनं शे. सत्ता तठे झाडखाले ठी द्या."

भाषण तिथेच संपलं. पण पाइपलाइनचा प्रश्न होता. आबांचं पाणी सोडून झालं तेव्हा सर म्हणाले, "तुमच्या हद्दीतला पाइप मी उपटून नेतो."

"कसाले? ऱ्हाऊ द्या ना."

"नाही आबा. चोराची बॅटरी चोरानं परत न्यावी. मागे ठेवली की पुढे त्याची पोरं मिशा पिळतात, आम्ही उजेड आणला म्हणून."

आबांनी बॅटरी कुठली ते विचारलं नाही. "चालस ना ती?" म्हणाले. "मंग ऱ्हाऊ द्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी केळीकडे पाहिलं. साठीला टेकलेल्या आबांना बाकावर उभं करण्याची काही सोय नव्हती. पाइप राहिला.

"आनि ओटावर रोज बसा," आबा पुढे म्हणाले. "कोन ना म्हनस?"

इथे मात्र सरांनी हात जोडले. "नाही. आज बसेन, उद्या पाय पसरेन, परवा माठ आणेन. मी आता मला ओळखतो." बोलताना ते ओट्याकडे बघत नव्हते. तीस वर्षं ज्या एका दुपारची वाट पाहिली, ती हातातून जाताना माणूस जसा उभा राहतो तसे उभे होते, फार ताठ.

आबांनी हात वर करून झाडाकडे दाखवलं. मग म्हणाले, "सर, झाड मन्हा वावरमा शे. पन सावली दुपारले तुम्हनाच वावरमा पडस. तिले कोन आडावस?"

सर रिटायर झाले त्या उन्हाळ्यात मी आखाजीचे मांडे घेऊन वावरात गेलो. दुपारचे अडीच वाजले होते. जळगाव जिल्ह्यातलं मे महिन्यातलं ऊन म्हणजे कावळासुद्धा चालत जातो. अशा उन्हात सर घडीची खुर्ची मांडून, खुंट्यांच्या रांगेला लागून, पण अलीकडे, उघड्या डोक्यानं बसले होते. टोपी गुडघ्यावर. मागे झोपडीच्या दारातून काकू ओरडत होत्या, "अहो, टोपी तरी घाला! ऊन लागेल!"

"येतेय, येतेय," सर म्हणाले.

"कोण येतंय?" मी विचारलं.

"सावली. दोनला ओटा सोडते. पावणेतीनला हद्दीवर येते." त्यांनी काठीच्या टोकानं माझी चप्पल खुंटीच्या अलीकडे ओढली. "सैन्य आत घे."

मी खाली बसलो. जित्याची खोड. "सर, म्हणजे रोज आबा तुमच्या हद्दीत घुसतात. निषेध नोंदवला का?"

सरांनी गुडघ्यावरची टोपी सरळ केली. "तो विस्तार नाही, ती वाढ आहे," ते म्हणाले. मग स्वतःशीच हसले. "शेठजींना सांगायला हवं होतं."

वातावरण चांगलं आहे असं बघून मी म्हणालो, "सर, आता तरी माझ्या रेल्वेला अर्धा मार्क? आबांनीही पाइप ठेवूनच घेतला."

"शून्य." सरांचा आवाज वर्गातला झाला. "माझ्या पाइपलाइनला शून्य आहे, तुझ्या रेल्वेला अर्धा कसा देऊ? हिला बघ." त्यांनी काठीनं सावलीकडे दाखवलं, तिची कड खुंटीला टेकली होती. "रोज येते, संध्याकाळी निघून जाते. बॅटरी ठेवत नाही, बिल पाठवत नाही. असं एक तरी साम्राज्य दाखव, पाचपैकी पाच देतो."

मी मांड्यांचा डबा उघडला. सावलीनं खुंटी ओलांडली. पलीकडे ओट्यावर आबा आडवे झाले होते. त्यांनी मान न उचलता हाक मारली.

"सर, पोचनी का?"

सरांनी खाली वाकून बघितलं. सावली त्यांच्या चपलेच्या अंगठ्याशी आली होती. त्यांनी दोन्ही पाय थोडे पुढे केले.

"पोचली, आबा."